आजाऱ्यांना आसरा देणारे संत गाडगेबाबा

विदर्भाच्या भूमीत जन्मलेल्या संतपुरुषांत श्री संत गाडगेबाबा यांचे स्थान आगळे आहे. हातात खराटा, अंगावर चिंध्यांची गोधडी आणि डोक्यावर पालथे घातलेले मातीचे गाडगे ही त्यांची मूर्ती शाळकरी मुलापासून वृद्धापर्यंत प्रत्येकाच्या परिचयाची आहे. ग्रामस्वच्छतेचे प्रणेते म्हणून त्यांच्या नावाने राज्यात अभियान चालले, अमरावतीच्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. तथापि त्यांच्या जीवनकार्याचा एक पैलू मात्र फारसा बोलला जात नाही. आजारी पडलेला माणूस जेव्हा बेघरही असतो, किंवा उपचारांसाठी परगावी आल्यामुळे बेघर होतो, तेव्हा त्याच्यासाठी काय करावे, या प्रश्नाचे उत्तर बाबांनी कोणत्याही ग्रंथाचा आधार न घेता आपल्या कृतीने दिले. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्या चरित्राकडे याच दृष्टीने पाहण्याचा हा नम्र प्रयत्न आहे.

बालपण : घर गमावलेला मुलगा

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट समाजातील एका कुटुंबात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी यांना दारूचे व्यसन जडले, त्यात शेती गेली, संसार धुळीस मिळाला आणि शरीरही खंगले. १८८४ साली ते वारले, तेव्हा डेबूजी अवघ्या आठ वर्षांचे होते. आई सखूबाई त्यांना घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आल्या. व्यसनातून आजार, आजारातून दारिद्र्य आणि दारिद्र्यातून परागंदा होणे ही साखळी बाबांनी अशी अगदी कोवळ्या वयात स्वतःच्या घरात पाहिली. पुढे आयुष्यभर कीर्तनातून त्यांनी दारूवर जे कठोर प्रहार केले, त्यांचे मूळ या अनुभवात आहे.

आजोळी डेबूजींनी गुरे राखली, नांगर धरला आणि कष्टाळू शेतकरी म्हणून नाव मिळविले. परंतु तेथेही सावकारी पाशाने मामा चंद्रभान यांची जमीन गिळली आणि मामा त्या धसक्याने गेले. निरक्षर माणसाच्या अंगठ्यावर त्याचे घरदार कसे जाते, हे दुसऱ्यांदा त्यांच्या डोळ्यांसमोर घडले. १८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. पहिल्या अपत्याच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मद्यमांसाचे जेवण अपेक्षित होते. डेबूजींनी पंगतीला गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रुसले, टोमणे मारले गेले, पण त्यांनी आपला निश्चय सोडला नाही. देवाच्या नावाने होणाऱ्या पशुहत्येला त्यांनी पुढे जन्मभर विरोध केला, त्याची ही सुरुवात होय.

गृहत्याग आणि रस्त्यावरचे जीवन

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे, घर झोपेत असताना, डेबूजी बाहेर पडले. वयाची एकोणतीस वर्षे पूर्ण होत आली होती. हातात काठी आणि एक मातीचे गाडगे एवढाच त्यांचा संसार होता. त्यानंतरची एक्कावन्न वर्षे ते स्वतःचे असे घर न करता हिंडले. मिळेल त्या चिंध्या शिवून अंगावर घालावयाच्या, एका कानात कवडी व दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच अडकवावयाची, भाकरीच्या तुकड्यासाठी कोणाच्या तरी अंगणाची झाडलोट किंवा शेतातले काम करावयाचे, आणि रात्री झाडाखाली वा पारावर अंग टाकावयाचे, असा त्यांचा क्रम होता. लोकांनी प्रथम त्यांना वेडा समजून हाकलले. कोणी चिंधेबुवा म्हणाले, कोणी गोधडेबुवा. अखेर गाडगेबाबा हे नाव रूढ झाले.

या भटकंतीचे मोल आपण नीट लक्षात घेतले पाहिजे. उघड्यावर झोपणाऱ्या माणसाला कशाची वाण असते, हे बाबांना ऐकून माहीत झाले नव्हते. थंडीत अंग कसे कडकते, पावसात कोरडी जागा शोधताना दारोदार कसे हिणवले जाते, ताप आला असता पाणी देणारे कोणी नसते तेव्हा काय होते, हे सारे त्यांनी स्वतः भोगले होते. म्हणूनच त्यांच्या सेवेत उपकाराची भाषा नाही. दात्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, ही रचना त्यांनी आपल्या कोणत्याही संस्थेत शिरू दिली नाही. पाया पडावयास येणाऱ्याला ते काठी उगारून दूर सारीत, आणि कोणी पैसे पुढे केले तर ते स्वतःसाठी न घेता लोकोपयोगी बांधकामाकडे वळवीत.

खराटा आणि रोगराई

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन येथे पौष महिन्यात यात्रा भरते. नदीकाठच्या चिखलात यात्रेकरू घसरून पडत. बाबांनी लोकांना हाताशी धरून तेथे घाट बांधावयास घेतला. १९०८ च्या सुमाराचे हे काम त्यांच्या लोकोपयोगी बांधकामांतील पहिले मानले जाते. याच यात्रेत जमणाऱ्या आंधळ्यापांगळ्यांना आणि महारोग्यांना, ज्यांच्या जवळून जाणेही लोक टाळीत, त्यांना पंगतीला बसवून अन्न व वस्त्र देण्याचा प्रघात त्यांनी पाडला.

पंढरपूरच्या वारीला ते नेमाने जात. तेथे दर्शनाच्या रांगेत उभे न राहता ते चंद्रभागेचे वाळवंट झाडीत असत, असा त्यांचा परिपाठ सांगितला जातो. यामागील अर्थ त्या काळाच्या संदर्भात पाहावा. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या यात्रांनंतर पटकीची साथ पसरणे ही नेहमीची गोष्ट होती. हजारो माणसे एका जागी उतरत, तेच पाणी पीत, त्याच काठावर घाण होई आणि परतीच्या वाटेवर गावोगाव रोग जाई. या साथीत सर्वांत आधी जो पडे, तो उघड्यावर झोपणारा, शिळेपाके खाणारा, ज्याला वाटेत टाकून सोबती पुढे जात असा माणूस. बाबांच्या खराट्याने झाडले ते वाळवंट अशा माणसाची झोपण्याची आणि जेवण्याची जागा होते. दिवसा झाडलेल्या त्याच जागी ते रात्री कीर्तनास उभे राहत आणि वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना एकामागून एक प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत.

१९२३ साली ते कोकणात खारेपाटण येथे असताना त्यांचा मुलगा गोविंदा वारल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. हा प्रसंग त्यांच्या वैराग्याचा म्हणून सांगितला जातो. पण त्याची दुसरी बाजूही आहे. घरच्या दुःखाला त्यांनी जगाच्या दुःखाहून वेगळे आसन दिले नाही. त्याच नियमाने आपल्या नात्यातील कोणाचाही आपण उभारलेल्या संस्थांवर हक्क राहणार नाही, अशी ताकीद त्यांनी दिली आणि ती पाळली.

धर्मशाळांची उभारणी

पंढरपूर येथे अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना उतरावयास कोठेही जागा मिळत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी १९१७ साली चोखामेळा धर्मशाळा उभी करण्याचे काम हाती घेतले. त्यानंतर मराठा धर्मशाळा झाली. नाशिक, आळंदी, देहू, त्र्यंबकेश्वर अशी तीर्थक्षेत्रांची मालिका पुढे वाढत गेली. लोकांनी दिलेल्या पैशांतून आणि श्रमांतून लाखो रुपयांच्या इमारती उभ्या राहिल्या. ज्याच्या हातून हे घडले तो मात्र त्यांपैकी एकाही इमारतीच्या खोलीत मालक म्हणून राहिला नाही.

१९४९ साली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्या वास्तूने यात्रेकरूंना छप्पर दिले, तिने आता विद्यार्थ्यांना छप्पर द्यावे असा त्यामागील विचार होता. वास्तूचे ममत्व न धरता तिचा उपयोग कोणास अधिक आहे हे पाहणे, हा बाबांच्या विश्वस्तवृत्तीचा विशेष होय. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी त्यांनी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना केली, आणि धर्मशाळा, आश्रमशाळा व वसतिगृहे यांचा कारभार संघटित स्वरूपात पुढे चालू राहील अशी व्यवस्था केली.

तीर्थक्षेत्राकडून रुग्णालयाकडे

बाबांच्या धर्मशाळांच्या इतिहासात १९५४ हे वर्ष मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी मुंबईत भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभी राहिली. तोपर्यंत धर्मशाळा म्हटली की ती देवळाच्या जवळ असावयाची, हा संकेत होता. बाबांनी ती रुग्णालयाच्या जवळ आणली. गोरगरीब माणूस आता देवाच्या दारी जितक्या आर्ततेने जातो, तितक्याच आर्ततेने दवाखान्याच्या दारी जातो, हे त्यांनी ओळखले.

या गोष्टीचे वैद्यकीय महत्त्व समजून घेण्यासाठी रुग्णालयाची रीत पाहिली पाहिजे. रुग्णालय रुग्णाला खाट देते, त्याच्या सोबत्याला देत नाही. खानदेशातून वा वऱ्हाडातून मुलाला घेऊन आलेली आई रात्री कोठे निजावयाची? ती फुटपाथवर निजते, दोन वेळा विकतचे खाते, आठ दिवसांत गाठीचे पैसे संपतात आणि उपचार अर्धवट टाकून ती गावी परत जाते. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालाही काही दिवसांनी खाट रिकामी करावी लागते. टाके ओले असतात, जखमेची पट्टी दर दोन दिवसांनी बदलावयाची असते. ज्याला घर आहे तो घरी जातो. ज्याला नाही तो रस्त्याच्या कडेला पडतो, जखम चिघळते आणि महिन्याभरात तो पुन्हा त्याच दारी येतो. क्षयासारख्या रोगात औषध महिनोन्‌महिने चुकवून चालत नाही. अशा वेळी स्वच्छ जागा, पिण्याचे पाणी, न्हाणीघर आणि दोन वेळचे साधे अन्न या गोष्टी औषधाच्या तोलाच्या होतात. डॉक्टरांचे सारे कौशल्य या चार गोष्टींअभावी वाया जाते.

याच परिसरात आणखी एक धारा वाहत होती. १९३६ साली मुंबईच्या नागपाड्यात सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. १९४६ साली जे. जे. रुग्णालयात प्रशिक्षित वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, आणि ती भारतातील अशा प्रकारची पहिली नेमणूक मानली जाते. रुग्णाचे घर, त्याचा रोजगार, त्याचे कुटुंब आणि त्याची ऐपत यांची चौकशी करून उपचार पूर्णत्वास नेणे हे या सेवकाचे काम. त्यानंतर आठच वर्षांनी, अक्षरओळख नसलेल्या एका संताची धर्मशाळा त्याच रुग्णालयाच्या सेवेस उभी राहिली. एका धारेमागे विद्यापीठीय शास्त्र होते, दुसरीमागे पन्नास वर्षांची पायपीट होती. दोन्ही एकाच निष्कर्षाला पोहोचल्या होत्या. रोगी बरा करावयाचा तर तो रात्री कोठे निजतो हे आधी विचारले पाहिजे.

बाबांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या दशसूत्रीत बेघरांना आसरा देण्याचे आणि अंध, पंगू व रोगी यांना औषधोपचार देण्याचे सूत्र एकाशेजारी एक आले आहे. मुक्या प्राण्यांना अभय हेही त्याच मालिकेत आहे. आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने ज्यांना बालपणापासून परिचित आहेत, अशा या स्मरणिकेच्या वाचकांना बाबांची दहा सूत्रे परकी वाटणार नाहीत.

बाबांच्या पश्चात ही परंपरा खंडित झाली नाही. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारांसाठी देशभरातून रुग्ण येतात. किरणोपचार घेणाऱ्या अनेक रुग्णांना खाटेची गरज नसते, पण कित्येक आठवडे जवळपास राहावे लागते, आणि मुंबईत तेवढे दिवस राहणे गरिबाला केवळ अशक्य असते. अशांसाठी १९८४ साली दादर येथे संत गाडगे महाराज धर्मशाळा सुरू झाली. तीत आजवर असंख्य रुग्णांनी व त्यांच्या आप्तांनी आसरा घेतला आहे.

वर्धा जिल्ह्यातील समकालीन सेवा

बाबा जेव्हा गावोगाव हिंडत होते, त्याच काळात आपल्या वर्धा जिल्ह्यातही याच प्रश्नाची दुसरी बाजू काही थोर माणसांनी हाती घेतली होती. घर नसल्याने माणूस आजारी पडतो, तसा आजारामुळे तो बेघरही होतो. कुष्ठरोग हे त्याचे सर्वांत दारुण उदाहरण. अंगावर चट्टा दिसला की घरचे लोकच रोग्याला वेशीबाहेर काढीत. विनोबाजींच्या सहवासातील मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांसाठी वसाहत सुरू केली. १९३९ साली परचुरेशास्त्री नावाचे संस्कृत पंडित, येरवड्याच्या तुरुंगातील महात्माजींचे सोबती, कुष्ठरोगाने ग्रासलेल्या अवस्थेत सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आश्रमात झोपडी बांधून दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मर्दन केले. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली तपोवन उभे केले. हिंगणघाट येथे जन्मलेल्या बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसविले. या सर्वांनी औषधाआधी जागा दिली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

सेलू तालुक्यातील आपल्या हिंगणीसारख्या गावातून आज रुग्ण सेवाग्रामला, सावंगीला किंवा नागपूरच्या मेडिकलला जातो. १९४५ साली सुरू झालेले कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ साली त्याला जोडून निघालेले वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे मोठ्या शस्त्रक्रियांचीही सोय जिल्ह्यातच झाली. तरीही पंधरा दिवस मजुरी बुडवून रुग्णाजवळ बसलेल्या माणसाचे जेवण आणि रात्रीची पथारी हा प्रश्न गाडगेबाबांच्या काळी होता तसाच अनेक घरांपुढे उभा राहतो.

अखेरचा प्रवास

१९५६ साली बाबांनी ऐंशी वर्षे पूर्ण केली. शरीर थकले होते, परंतु पायाला विसावा नव्हता. ६ डिसेंबर रोजी डॉ. आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावनजीक पेढी नदीच्या पुलाजवळ, चालत्या मोटारीत बाबांनी देह ठेवला. ज्याने सहस्रावधी लोकांच्या डोक्यावर छप्पर दिले त्याचा अंत रस्त्यावर झाला. अमरावती येथे त्यांची समाधी आहे, आणि तो परिसर गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

आपल्यापुढील प्रश्न

थोर पुरुषांच्या चरित्रापुढे हात जोडून थांबणे सोपे असते. गाडगेबाबांना ते रुचणारे नव्हते. त्यांच्या कार्याने जे साधले ते मोठे आहे, पण जे अपुरे राहिले त्याकडेही पाहिले पाहिजे. रुग्णालयाजवळची धर्मशाळा सामान्यतः त्यालाच उपयोगी पडते, ज्याच्याजवळ रुग्णालयाची चिठ्ठी आहे, सोबत कोणी नातेवाईक आहे आणि बरे झाल्यावर परतावयास एखादे गाव आहे. ज्याला यांपैकी काहीच नाही, तो रेल्वे स्थानकावरचा वृद्ध, मनोरुग्ण म्हणून हाकललेली स्त्री, मुलांनी टाकून दिलेला लकवाग्रस्त बाप, या दारापर्यंत येतच नाही. शासकीय आरोग्य योजनांच्या लाभासाठी शिधापत्रिका वा रहिवासाचा पुरावा मागितला जातो, आणि त्याच्यापाशी तर पत्ताच नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली शहरांतून दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारागृह असावे असे निर्देश दिले. २०१३ नंतर नागरी उपजीविका अभियानातून शासनाने अशा निवाऱ्यांसाठी निधीची तरतूदही केली. परंतु निवारागृहाची भिंत आणि रुग्णालयाची भिंत यांमधील अंतर चालून जाणारा, रुग्णाचा हात धरून त्याला केसपेपर काढून देणारा, औषधाची वेळ सांभाळणारा माणूस नसेल तर दोन्ही इमारती एकमेकींना अनोळखी राहतात.

ते अंतर चालून जाणे हीच रुग्णसेवेतील समाजकार्याची खरी कसोटी आहे. त्यासाठी दर वेळी मोठा निधी लागतोच असे नाही. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांची ओळख असलेला एखादा कार्यकर्ता, आठवड्यातून दोन दिवस रात्री स्थानकावर फेरी मारणारी चार तरुण मुले, खाट सोडलेल्या निराधार रुग्णासाठी महिनाभर राखून ठेवलेली एक खोली, आणि त्याच्या नावाने लागणारा एखादा कागद मिळवून देण्याची चिकाटी, एवढ्यावरही पुष्कळ काम उभे राहू शकते. गाडगेबाबांच्या हाती तर सुरुवातीला एक खराटा आणि एक गाडगे याखेरीज काहीच नव्हते.

कोणत्याही विश्वस्त संस्थेच्या आयुष्यात पन्नास वर्षे हा हिशेब मांडण्याचा टप्पा असतो. किती इमारती झाल्या, किती देणग्या आल्या, हे त्या हिशेबात असतेच. बाबांचे चरित्र त्यात आणखी एक रकाना जोडावयास सांगते. आपल्या दारावरून गेलेला आजारी व निराधार माणूस त्या रात्री कोठे निजला, हा तो रकाना होय. तो कोरा राहू नये, हीच त्या निष्कांचन महापुरुषाला खरी आदरांजली ठरेल. त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.